तालुक्याच्या प्रयोगशाळेत रिकॉम्बिनंट ईजीएफ : मागणीपत्रापासून पहिल्या प्रयोगापर्यंत

गडचिरोली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या महाविद्यालयात पळसाच्या सालीच्या अर्कावर काम करताना मला पहिल्यांदा रिकॉम्बिनंट मानवी प्रथिन, म्हणजे मानवी जनुक दुसऱ्या सजीवात घालून बनवून घेतलेले प्रथिन, मागवावे लागले. त्वचेच्या पेशींचा सलग थर वाढवायचा, त्यावर पिपेटच्या टोकाने ओरखडा काढायचा आणि अर्क घातल्यावर ती फट किती तासांत बुजते ते पाहायचे, असा तो प्रयोग होता. मात्र अर्कामुळे फट लवकर बुजली असे म्हणायचे असेल, तर जिच्यामुळे ती हमखास बुजते अशी एखादी माहितीतली गोष्ट शेजारच्या वेलमध्ये, म्हणजे पेशी वाढवण्याच्या प्लेटमधल्या खळग्यात, असावीच लागते. ती गोष्ट म्हणजे एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, म्हणजेच ईजीएफ.

मानवी ईजीएफ हे ५३ अमिनो आम्लांचे आणि सुमारे ६.२ किलोडाल्टन वजनाचे, अगदी लहान प्रथिन आहे. स्टॅन्ली कोहेन यांना ते प्रथम उंदरांच्या लाळग्रंथींच्या अर्कात सापडले. तो अर्क टोचलेल्या नवजात पिल्लांचे डोळे वेळेआधीच उघडत होते, एवढ्याशा निरीक्षणावरून त्यांनी माग काढला आणि १९८६ मध्ये त्यांना रीटा लेव्ही-मोन्ताल्चिनी यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. आज बाजारात मिळणारी कुपी उंदरापासूनही येत नाही आणि माणसापासूनही नाही. मानवी जनुक बहुधा ई. कोलाय या जिवाणूत घालून त्याच्याकडून हे प्रथिन तयार करून घेतात, शुद्ध करतात आणि गोठवून सुकवतात.

माझी पहिली कुपी मे महिन्यात आली आणि दोन दिवस तालुक्याच्या कुरिअर कार्यालयात पडून राहिली. खोक्यातल्या जेलच्या पिशव्या कोमट झाल्या होत्या आणि सारे पैसे वाया गेले असे मी धरून चालले होते. प्रत्यक्षात ती कुपी उत्तम चालली. नंतर मात्र तीच कुपी मी पाण्यात विरघळवली आणि आमच्याच फ्रिजमध्ये तीन महिन्यांत निकामी केली. सुकी भुकटी काही दिवसांचा प्रवास सोसते, पण विरघळलेले प्रथिन आपला निष्काळजीपणा सोसत नाही. पुढच्या सगळ्या सूचना या एका अनुभवाभोवती आहेत.

१. कशासाठी हवे ते आधी लिहून काढा

गाइडशी बोलण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर मांडा : पेशी कोणत्या, माध्यमात (पेशी वाढवण्याच्या द्रावणात) प्रथिनाची अंतिम संहती किती आणि वर्षभरात एकूण किती मिलिलिटर माध्यम लागणार. आमच्याकडे हॅकॅट या मानवी त्वचापेशी होत्या. अशा पेशी पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राकडून, म्हणजे एनसीसीएसकडून, मागवता येतात. ओरखड्याच्या प्रयोगात ईजीएफ साधारणपणे दर मिलिलिटरला १० नॅनोग्रॅम या संहतीत वापरतात. या हिशेबाने १०० मायक्रोग्रॅमच्या एका कुपीतून १० लिटर माध्यम तयार होते, आणि एवढे माध्यम तालुक्याच्या महाविद्यालयाला पीएच.डी. संपेपर्यंतही लागत नाही. तरीही ‘मोठी कुपी स्वस्त पडते’ या हिशेबाने ५०० मायक्रोग्रॅम किंवा एक मिलिग्रॅम मागवणारे मी पाहिले आहेत. दर मायक्रोग्रॅममागे ती स्वस्त असते हे खरे, परंतु एकदा उघडली की ती सगळी एकाच वेळी विरघळवावी लागते आणि उरलेली फ्रीजरमध्ये जुनी होत जाते.

२. कॅटलॉगमधली कोणती ओळ वाचायची

एकाच नावाखाली पाच-सहा प्रकार दिसतात आणि नवखा माणूस किमतीवरून निवड करतो. त्याआधी पुढील बाबी पाहाव्यात.

प्रथिन कशात तयार केले आहे ते पाहा. परिपक्व ईजीएफवर शर्करेच्या साखळ्या नसतात, त्यामुळे ई. कोलायमध्ये बनलेले चालते; एरिथ्रोपोएटिनसारख्या प्रथिनाला त्या साखळ्या लागतात आणि म्हणून ते सीएचओसारख्या सस्तन प्राण्यांच्या पेशींत करावे लागते. म्हणजे ‘ई. कोलायचे हलके, सस्तन पेशींतले भारी’ असा सरसकट नियम नाही.

जिवाणूत बनलेल्या प्रथिनाबरोबर एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूच्या आवरणातला विषारी घटक, येऊ शकते, आणि पेशी त्याला स्वतंत्र प्रतिसाद देतात. उत्पादकाच्या माहितीपत्रकात दर मायक्रोग्रॅमला किती एंडोटॉक्सिन एकके आहेत हे दिलेले असते. एकापेक्षा कमी असा आकडा बहुतेक ठिकाणी दिसतो, आणि आकडाच दिलेला नसेल तर ती कुपी पेशींवरील कामासाठी घेऊ नये.

त्यानंतर ‘कॅरिअर’ आहे की नाही ते पाहा. काही कुप्यांत प्रथिन टिकावे म्हणून गाईच्या सीरमचे (रक्तातील पातळ द्रवाचे) अल्ब्युमिन, म्हणजे बीएसए, आधीच मिसळलेले असते. पेशींच्या प्रयोगाला त्याची अडचण होत नाही. परंतु अशा कुपीतील प्रथिन ब्रॅडफर्ड पद्धतीने, म्हणजे एकूण प्रथिन मोजणाऱ्या रंगाच्या चाचणीने, मोजायला गेलात तर तुम्ही अल्ब्युमिनच मोजाल, कारण ते ईजीएफपेक्षा कितीतरी पट जास्त असते.

शेवटी, शुद्धतेची टक्केवारी आणि जैविक क्रियाशीलता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ईजीएफमध्ये प्रथिनाची घडी धरून ठेवणारे तीन डायसल्फाइड बंध असतात आणि ते चुकीचे जुळले तर प्रथिन ९८ टक्के शुद्ध असूनही निरुपयोगी ठरते. म्हणून पेशींवर चाचणी घेऊन काढलेला ‘ईडी ५०’ हा आकडा, म्हणजे निम्मा परिणाम ज्या संहतीला मिळतो ती संहती, पत्रकात आहे याची खात्री करून घ्या.

३. कागदपत्रे, आणि मार्चअखेरचा सापळा

आमच्या कार्यालयाने माझ्याकडून जे जे मागितले ते येथे देते. तुमच्याकडे एखादा कागद कमी-अधिक असेल, म्हणून लेखा विभागातील लिपिकांना आधीच भेटावे.

– विभागप्रमुखांच्या सहीचे मागणीपत्र, ज्यात कॅटलॉग क्रमांक, कुपीचे वजन आणि साठवणीचे तापमान लिहिलेले असेल
– कोटेशन; सहसा तीन लागतात, आणि एकाच कंपनीचे प्रथिन का हवे हे दाखवायचे असल्यास त्या कंपनीचे प्रोप्रायटरी प्रमाणपत्र व गाइडचे समर्थनपत्र
– अनुदानाच्या मंजुरीपत्राची प्रत
– जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर वस्तू उपलब्ध नसल्यास तसा अहवाल
– प्रथिन केवळ संशोधनासाठी वापरले जाईल, माणसांवर किंवा जनावरांवर नाही, असे महाविद्यालयाच्या शीर्षपत्रावरील हमीपत्र
– माल आल्यावर कन्झ्युमेबल स्टॉक रजिस्टरमधील नोंद, डिलिव्हरी चलन आणि बिल

‘रिकॉम्बिनंट’ हा शब्द वाचून आमच्या कार्यालयाने जैवसुरक्षा समितीच्या परवानगीचा प्रश्न काढला होता. शुद्ध केलेले प्रथिन हा सजीव नाही, त्यात जनुक नाही आणि ते स्वतःची प्रत काढत नाही, एवढे स्पष्ट करणारी अर्ध्या पानाची टीप मी गाइडच्या सहीने जोडली आणि समितीच्या सचिवांकडून तिच्यावर ‘पाहिले’ अशी नोंद घेतली. तुम्ही स्वतः जनुक घालून जिवाणू वाढवणार असाल तर गोष्ट वेगळी. तिथे समितीकडे रीतसर जावेच लागते.

आता सापळा. अनुदान ३१ मार्चपूर्वी खर्च दाखवायचे असते, म्हणून सगळी महाविद्यालये फेब्रुवारी-मार्चमध्ये मागण्या नोंदवतात. यातली बरीच प्रथिने आयात होऊन येतात आणि यायला काही आठवडे लागतात. परिणामी माल नेमका एप्रिलच्या शेवटी किंवा मे महिन्यात, चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो तेव्हा, आपल्या दारात येतो, आणि त्याच वेळी परीक्षा संपून महाविद्यालय ओस पडलेले असते. शक्य असेल तर मागणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नोंदवून माल हिवाळ्यात घ्यावा.

४. पार्सलचा वार ठरवा

डीलर बहुधा नागपूरचा असतो. त्याला लेखी कळवा की माल सोमवारी किंवा मंगळवारीच नागपूरहून निघावा. शुक्रवारी निघालेले खोके उमरेड, भिवापूर, नागभीड करत शनिवारी तालुक्याला पोहोचते आणि सोमवारपर्यंत तिथेच बसते. आपल्याकडे पोळ्याला जोडून तान्हा पोळाही असतो, हे मुंबईतल्या कंपनीच्या माणसाला माहीत असण्याचे कारण नाही. ते आपणच सांगावे लागते. पावसाळ्यात वैनगंगेला पूर आला की रस्ता बंद होतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस गोसीखुर्द धरणाच्या विसर्गानंतर आलेला पूर या भागातील कोणी विसरलेले नाही. भामरागडसारख्या ठिकाणी तर पर्लकोटा नदी चढणार म्हणून आठवणीने औषधेही आधी भरून ठेवतात, त्यामुळे तिकडच्या मित्रांनी जुलै-ऑगस्टचा विचारच करू नये.

मी आता पार्सल घरपोच मागवत नाही. डीलरकडे ठेवायला सांगते आणि नागपूरला जाणाऱ्या सहकाऱ्याकडून किंवा स्वतः, बर्फाच्या पिशव्या घातलेल्या व्हॅक्सिन कॅरिअरमधून आणते. सुक्या भुकटीला एवढे पुरते. ड्राय आइस मात्र एसटीत किंवा काचा बंद केलेल्या गाडीत नेऊ नका : उणे ७८.५ अंशांवर त्याचा सरळ कार्बन डायऑक्साइड वायू होतो, तो बंद जागेत साठून गुदमरायला होते, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरल्यास डबा फुटतो.

५. खोके उघडताना

खोके हातात येताच तारीख, वेळ आणि जेलच्या पिशव्यांची अवस्था नोंदवा व छायाचित्र घ्या. तक्रार करायची वेळ आली तर तोच पुरावा असतो. कुपीवरचा लॉट क्रमांक आणि विश्लेषण प्रमाणपत्रावरचा लॉट क्रमांक जुळतो का ते पाहा. प्रमाणपत्र खोक्यात नसेल तर लॉट क्रमांक कळवून डीलरकडून मागवा आणि त्याची प्रत प्रयोगवहीत चिकटवा, कारण शोधनिबंधाचा परीक्षक लॉट विचारू शकतो.

आमचे प्रयोगशाळा परिचर भाऊ कुपी उजेडात धरून म्हणाले होते, “मॅडम, शिशी त खालीच हाये जी.” त्यांचे चुकले नव्हते. १०० मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा दहावा भाग. सुकल्यावर त्याचा काचेवर एक पुसट थर राहतो, कधी तोही दिसत नाही. रिकामी दिसणारी कुपी परत पाठवू नका, आणि आत काय आहे ते पाहण्यासाठी उघडूही नका. प्रयोगाची तारीख ठरेपर्यंत ती न उघडता उणे २० अंशांवर ठेवा.

६. विरघळवणे

या पायरीनंतर माघार नाही. त्यामुळे पेशी वाढून तयार आहेत, प्लेट आहे, माध्यम आहे आणि दोन दिवस तुम्ही गावात आहात, एवढे जुळल्याशिवाय कुपीला हात लावू नये. सोबत हवे ते असे : छोटा सेंट्रिफ्यूज, कॅलिब्रेट केलेली पिपेट व निर्जंतुक टिप्स, प्रथिन कमी चिकटणाऱ्या प्लास्टिकच्या छोट्या नळ्या, निर्जंतुक पाणी, निर्जंतुक पीबीएस (फॉस्फेटचे खारट बफर द्रावण), पेशीसंवर्धनाच्या दर्जाचे बीएसए, न पुसणारा मार्कर.

पाण्याबाबत एक सूचना. विभागातल्या कॅनमधील डिस्टिल्ड वॉटर ऑटोक्लेव्ह केले की काम झाले, असे आपण समजतो. ऑटोक्लेव्हमध्ये जिवाणू मरतात, पण त्यांचे एंडोटॉक्सिन तसेच राहते, आणि महाग प्रथिन कमी एंडोटॉक्सिनचे घेऊन ते अशा पाण्यात विरघळवणे म्हणजे घागर धुऊन घेऊन डबक्यातून भरण्यासारखे आहे. तालुक्याच्या औषध दुकानात इंजेक्शनसाठीच्या निर्जंतुक पाण्याच्या छोट्या अ‍ॅम्प्यूल मिळतात. त्या पाण्यातील एंडोटॉक्सिनवर औषधनियमांची मर्यादा असते. मी तेच वापरते. मात्र त्यात बेन्झिल अल्कोहोलसारखे परिरक्षक नाही हे वेष्टनावर वाचून घ्यावे.

कुपी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर उघडताच दमट हवेतील पाणी आत धरते. मग ती झाकणासह सेंट्रिफ्यूजमध्ये अर्धा मिनिट फिरवा. प्रवासात भुकटी झाकणाला चिकटलेली असते, आणि न फिरवता झाकण उघडणाऱ्याचे अर्धे प्रथिन झाकणाबरोबर जाते.

आता १०० मायक्रोग्रॅमच्या कुपीत ०.५ मिलिलिटर निर्जंतुक पाणी भिंतीवरून हळूच सोडा. काही उत्पादक ईजीएफसाठी पाण्याऐवजी सौम्य अ‍ॅसिटिक आम्ल सुचवतात. तुमच्या लॉटच्या पत्रकात जे असेल तेच करा, माझ्या लेखात आहे म्हणून पाणी घालू नका. कुपी वाकवून, फिरवून सगळी भिंत ओली करा आणि दहा-पंधरा मिनिटे तशीच ठेवा. व्होर्टेक्सवर, म्हणजे जोरात ढवळणाऱ्या यंत्रावर, धरू नका, पिपेटने फेस काढू नका. फेसातल्या हवेच्या पृष्ठभागावर प्रथिनाची घडी मोडते. नंतर ०.२ टक्के बीएसए असलेले ०.५ मिलिलिटर पीबीएस मिसळा. आता मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम ईजीएफ आणि ०.१ टक्का बीएसए असा एक मिलिलिटर साठा तयार झाला. कुपीत आधीच कॅरिअर असेल तर पत्रकानुसार बीएसए कमी करा किंवा टाळा.

हे बीएसए का, असा प्रश्न मला मौखिक परीक्षेतही विचारला गेला होता. अतिशय विरल द्रावणात प्रथिन प्लास्टिकच्या भिंतीला चिकटून बसते आणि द्रावणात फारसे उरतच नाही. भरपूर अल्ब्युमिन असले की भिंतीवरच्या जागा ते अडवते. याच कारणाने हे द्रावण ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळू नये. बफर आधी गाळा, प्रथिन नंतर मिसळा.

७. वाटणी आणि साठवण

माझी चूक इथे झाली. मी पूर्ण एक मिलिलिटर एकाच नळीत ठेवले आणि प्रत्येक प्रयोगाला ते वितळवून, लागेल तेवढे काढून, परत गोठवत राहिले. तिसऱ्या महिन्यापासून ईजीएफ घातलेली आणि न घातलेली वेल सारखीच दिसू लागली. मी आधी पेशींना दोष दिला, मग सीरम बदलले, मग ओरखडा काढण्याची पद्धत बदलली. नवी कुपी आल्यावर पहिल्याच दिवशी खुलासा झाला.

म्हणून विरघळवले त्याच तासात १०–१० मायक्रोलिटरचे भाग पीसीआरच्या छोट्या नळ्यांत करा. पिपेटमध्ये थोडे जाईल, तरी नव्वदच्या पुढे नळ्या होतील. प्रत्येकीत एक मायक्रोग्रॅम. नळी एकदाच वितळवायची. उरलेले त्या आठवड्यात २ ते ८ अंशांवर ठेवून वापरायचे किंवा फेकायचे, पुन्हा गोठवायचे नाही. नव्वद नळ्यांवर नाव लिहिणे कंटाळवाणे असते, परंतु एका झिप पिशवीत दहा नळ्या आणि पिशवीवर प्रथिन, लॉट, संहती, तारीख एवढे लिहिले तरी पुरते.

साठवण उणे ८० अंशांवर उत्तम, उणे २० वर काही महिने चालते. घरगुती फ्रिजचा बर्फाचा कप्पा यात मोजू नका. ‘फ्रॉस्ट-फ्री’ लिहिलेला फ्रीजर तर त्याहून वाईट, कारण बर्फ साचू नये म्हणून तो ठरावीक वेळाने स्वतःला तापवतो आणि तुमच्या नळ्या तुमच्या नकळत वितळून पुन्हा गोठतात.

आमच्याकडे लाईन गेली की किती वेळ गेली हे रात्री कोणाला कळत नाही. त्यावर एक बिनखर्चाची युक्ती आहे. एका छोट्या बाटलीत पाणी गोठवा, त्या बर्फावर एक नाणे ठेवा आणि बाटली नळ्यांशेजारी उभी करा. सकाळी नाणे बर्फात खाली गेलेले दिसले तर पाणी वितळले होते, म्हणजे फ्रीजर शून्याच्या वर गेला होता. नाणे वरच असले तरी सगळे ठीक होते असे मात्र सिद्ध होत नाही, कारण बीएसए व क्षार असलेले द्रावण शून्याच्या थोडे खालीही वितळते. शक्य असल्यास कमाल-किमान नोंदवणारा तापमापक ठेवा. फ्रीजरमधील मोकळी जागा पाण्याच्या गोठवलेल्या बाटल्यांनी भरून टाकली तर लाईन गेल्यावरही थंडावा बराच वेळ टिकतो.

उणे ८० चा फ्रीजर जिल्ह्यात कोणाकडे आहे ते शोधून निम्म्या नळ्या तिथे ठेवाव्यात. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डीप फ्रीजर जवळ असला आणि तिथली परिचारिका ओळखीची असली तरी तिला गळ घालू नका. लसींच्या शीतसाखळीत दुसरी कोणतीही वस्तू ठेवायची नसते आणि त्याचा त्रास तिला होतो.

८. पहिला प्रयोग

एक नळी बर्फावर वितळवा, क्षणभर सेंट्रिफ्यूज करा आणि तिच्यातले १० मायक्रोलिटर ०.१ टक्का बीएसए असलेल्या ९९० मायक्रोलिटर माध्यमात मिसळा. हे मिलिलिटरला एक मायक्रोग्रॅम झाले. यातले १०० मायक्रोलिटर ९.९ मिलिलिटर माध्यमात घातले की मिलिलिटरला १० नॅनोग्रॅम, म्हणजे सुमारे १.६ नॅनोमोलर, संहती मिळते. साठ्यातून थेट एक मायक्रोलिटर उचलून दहा मिलिलिटरमध्ये टाकण्याचा मोह टाळा, कारण तेवढ्या लहान मापात पिपेटची चूक फार मोठी असते.

पेशी आदल्या रात्रीपासून सीरमविना किंवा अगदी कमी सीरममध्ये ठेवा. सीरममध्ये स्वतःचेच वाढघटक असतात आणि दहा टक्के सीरममध्ये ईजीएफचा परिणाम दिसत नाही म्हणून कंपनीला रागाचे पत्र लिहिणारे आमच्याकडे होऊन गेले. तुलनेसाठी कंट्रोल दोन लागतात : अर्कासाठी तेवढेच डीएमएसओ (अर्क विरघळवण्याचा द्रव), आणि ईजीएफसाठी तेवढेच बीएसए असलेले माध्यम. पहिल्या वेळी १, ५, १० आणि २० नॅनोग्रॅम अशी मालिका लावून आपल्या पेशींचा कल पाहावा. जास्त घातले म्हणजे जास्त परिणाम असे नसते. ए४३१ या कर्करोगाच्या पेशींवर ईजीएफचे ग्राही इतके असतात की जास्त ईजीएफने त्यांची वाढ उलट थांबते.

फट बुजली ती पेशी सरकल्यामुळे की वाढल्यामुळे, हा प्रश्न परीक्षक विचारतातच. त्यासाठी काही वेलमध्ये मायटोमायसिन सी घालून विभाजन थांबवावे लागते. हे रसायन विषारी आहे, हातमोजे आणि वेगळा कचरा हवा.

प्रथिन नीट आहे का पाहायला ते प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या नेहमीच्या १२ टक्के जेलवर पळवू नका. ६ किलोडाल्टनचा पट्टा रंगाच्या आघाडीबरोबर निघून जातो आणि ‘कुपी रिकामीच होती’ असा समज होतो. ट्रायसिन जेल लागते. आणि पेशींसाठीच्या नळीत डीटीटी किंवा मर्कॅप्टोइथेनॉल कधीही जाऊ देऊ नका, कारण ही रसायने ईजीएफचे तीन डायसल्फाइड बंध तोडतात.

९. कुपीवरची इशाऱ्याची ओळ

‘फक्त संशोधनासाठी’ ही ओळ कायदेशीर सोपस्कार वाटते. माझे काम जखम भरण्याशी संबंधित आहे हे गावात कळल्यावर एका ओळखीच्या काकांनी मधुमेहामुळे चिघळलेल्या पायाला थोडे लावायला मागितले होते. ईजीएफचे जेल भारतात औषध म्हणून मिळते, पण ते औषधाच्या परवान्याखाली बनते, तपासले जाते आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरले जाते. आपल्या कुपीची तशी एकही तपासणी झालेली नसते. मी काकांना नाही म्हटले, त्यांच्याबरोबर ग्रामीण रुग्णालयात गेले आणि परत येऊन फ्रीजरला कुलूप लावले.